लूक १९ शिकवताना: जक्कयाचा पालट हिशेबात कसा उतरवायचा?

वर्गशिक्षिका

सर्वांना सलाम.

प्रौढांच्या बाप्तिस्मापूर्व वर्गासाठी मदत हवी आहे. वर्ग सहा रविवारांचा, उपासनेनंतर दीड तास. पश्चात्ताप, विश्वास, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि प्रार्थना हे पाच धडे नीट बसलेले आहेत. सहावा धडा 'बदललेलं जीवन'. पाठ्यपुस्तिकेत त्याला दीड पान दिलंय: व्यसन सोडा, खरं बोला, दशांश द्या, मंडळीत नियमित या. ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि सोमवारी काय करायचं ते मात्र कळू नये, असा तो धडा आहे.

म्हणून त्या जागी लूक १९:१-१०, जक्कय या श्रीमंत जकातदाराचा उतारा, घ्यायचा विचार आहे. तारणाबद्दल बोलताना हा उतारा थेट आकडे सांगतो. अर्धं गरिबांना, आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत. असं शुभवर्तमानात क्वचितच दिसतं. प्रश्न असे:

१. हे 'चौपट' कुठून आलं? आज ते शब्दशः लावायचं का?
२. डोक्यावर कर्ज आहे, जुनी देणी आहेत आणि दशांशही द्यायचा आहे. आधी काय?
३. नवरा किंवा बायको विश्वासात नसेल तर पैशाचे निर्णय कसे घ्यायचे?
४. पैशाचं दिसतं तरी. वेळ, राग, नाती यांतला बदल माणसाने स्वतः कसा तपासावा?

सर्वसाधारण उत्तेजन नको. वर्गात फळ्यावर लिहिता येईल असं काही सांगा.

---

उंबराखाली

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

चौपट हे नियमशास्त्रातलं आहे, पण जक्कयाला ते लागू होतंच असं नाही. निर्गम २२:१ मध्ये मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाला चार, बैलाला पाच. जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट (२२:४). फसवून किंवा दडपून घेतलेला पैसा स्वतःहून कबूल केला तर मात्र मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच (लेवीय ६:१-५, गणना ५:६-७). म्हणजे १०० घेतले असतील तर १२० परत. जक्कय स्वतःहून बोलतोय, कुणी पकडलेलं नाही. कायद्याने त्याचं १२० वर भागलं असतं. त्याने चोराला लावायचं कलम स्वतःला लावून घेतलं. वर्गात १२० आणि ४०० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, बाकी फारसं समजावावं लागणार नाही.

दुसरं गणित. त्याची मालमत्ता १०० धरा. ५० गरिबांना गेले, उरले ५०. त्यातून चौपट द्यायचं म्हणजे लुबाडलेली रक्कम मूळ मालमत्तेच्या साडेबारा टक्क्यांपर्यंत असेल तरच पुरेल. त्याहून जास्त असेल तर हा माणूस कफल्लक होतो. तेव्हा जकातीचा मक्ता घेणारा आधी सरकारात रक्कम भरायचा आणि मग लोकांकडून वसूल करायचा. जे जास्त निघेल ते त्याचं. जक्कय अशांचा मुख्य, तोही यरीहोसारख्या व्यापारी रस्त्यावरच्या गावात. आपण काय बोलतोय हे त्याला नेमकं ठाऊक होतं. आयुष्यभर हिशेब करणाऱ्या माणसाचं वाक्य आहे ते.

एक वाद माहीत असू द्या, वर्गात कुणीतरी विचारेल. मूळ ग्रीकमध्ये 'देतो', 'परत करतो' ही क्रियापदं वर्तमानकाळी आहेत. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की जक्कय नवा निश्चय करत नाहीये, तो आधीपासूनच असं वागत होता आणि येशू पाप्याच्या घरी गेला म्हणून कुरकुर करणाऱ्यांना उत्तर देतोय. मला हे पटत नाही. नवव्या वचनात 'आज' हा शब्द आहे आणि दहाव्यात 'हरवलेलं' शोधण्याची भाषा आहे. आधीच सरळ वागणाऱ्याबद्दल येशू असं का बोलेल?

शब्दशः लावायचं का? लूक स्वतःच तसं करू देत नाही. लेवी जकातनाकं सोडून उठतो (५:२८). श्रीमंत अधिकाऱ्याला सगळं विकायला सांगितलं जातं (१८:२२). जक्कय अर्धं ठेवतो, आणि येशू त्याला उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारत नाही. त्याआधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना नोकरी सोडायला न सांगता ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं, आणि शिपायांना पगारात समाधान मानायला सांगितलं (३:१३-१४). प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं, पण सगळी उत्तरं उत्पन्नाच्या जागी बोट ठेवतात. वर्गातल्या प्रत्येकाने 'माझा पैसा कुठून येतो' हा प्रश्न 'कुठे जातो' याच्या आधी विचारायला हवा.

---

हिशेबनीस

दुसरा आणि तिसरा प्रश्न.

पहिला कागद देण्यांचा. चार रकाने: कोणाचं, किती, कधीपासून, कसं फेडणार. यात बँक आणि सोसायटीबरोबर हातउसनेही लिहायचे, दुकानाची उधारीही लिहायची. भिशी आधीच उचलली असेल तर राहिलेले हप्ते हे कर्जच आहे, लोक नेमकं तेच विसरतात. गड्याचा किंवा घरकाम करणाऱ्या बाईंचा अडवलेला पगार असेल तर तो सर्वांत वर (याकोब ५:४).

दुसरा कागद अन्यायाने घेतलेल्याचा. हे कर्ज नाही म्हणून ते वेगळं. भावाला न सांगता विकलेलं सामायिक झाड, मापात मारलेलं, कंपनीच्या बिलात चढवलेलं. दोन कागद एकत्र केले की माणूस सोपं तेवढं आधी फेडतो आणि अवघड तसंच राहतं.

आता क्रम. समजा महिना ३०,००० येतात. घरखर्च आणि हप्ते जाऊन ७,००० उरतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी ४०,००० आणि मावसभावाचे हातउसने २४,०००. कार्डावर महिना ३ टक्के धरले तर पहिल्याच महिन्याचं व्याज १,२००. या माणसाने उत्साहात ३,००० दशांश दिला आणि कार्डाचे किमान २,००० भरले, तर मुद्दलातून फक्त ८०० कमी होतात आणि मावसभावाच्या वाट्याला जेमतेम दोन हजार येतात. अशाने कार्ड वर्षानुवर्षं संपत नाही.

त्याऐवजी: दर महिन्याला ३०० अर्पण, ५,००० कार्डाला, १,७०० मावसभावाला. कार्ड दहाव्या महिन्यात संपतं. मग ती सगळी रक्कम मावसभावाकडे वळते आणि वर्षाच्या आत तोही मोकळा. तेराव्या महिन्यापासून ३,००० दशांश कुणालाही न दुखवता देता येतो. ३०० सुद्धा का, तर देण्याची सवय देणी फिटेपर्यंत थांबवू नये. १ करिंथ १६:२ मध्ये पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो. महिन्याअखेर उरलेलं देण्यात आणि आधी काढून ठेवण्यात फरक आहे.

काही पाळक म्हणतील दशांश आधीच, मलाखी ३:१० पाहा. त्यांचा आदर राखून सांगतो, दशांश आपल्या मिळकतीतून द्यायचा असतो. दुसऱ्याचं थकवलेलं आपलं नसतंच. शेजाऱ्याचं देणं जवळ असताना त्याला 'उद्या ये' म्हणू नको, असं नीतिसूत्रे ३:२७-२८ सांगतं. आणि अर्पणासाठी कर्ज काढणं ही तर सरळ चूक. दुर्दैवाने ती होते, बांधकाम निधीच्या वेळी विशेषतः.

परतफेड करताना काय चुकतं तेही सांगतो:

रक्कम देताना साक्ष द्यायला बसू नये. 'अमुक साली तुमचे इतके घेतले होते, हे ते पैसे आणि वर इतके' एवढं पुरे. समोरचा रागावला तर ऐकून घ्यायचं. तो त्याचा हक्क आहे.

तिसऱ्याचं नाव उघड करू नये. चोरीत सोबती असेल तर आपला वाटा आपण द्यावा, त्याची कबुली त्याच्यावर सोडावी.

प्रकरण फौजदारी असू शकेल तर आधी वकील, मग कबुली. हा पळपुटेपणा नाही. चुकीच्या पद्धतीने दिलेली कबुली घरातल्या निरपराधांना भोवते.

आयकर लपवला असेल तर अद्ययावत विवरणपत्राची वाट कायद्यानेच ठेवली आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. कर आणि व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा भरावे लागतात. परतावा मागायला मात्र ते वापरता येत नाही. (लेवीयातला पाचवा हिस्सा म्हणजे २० टक्के. आपलं सरकार मोशेपेक्षा थोडं कडक आहे.)

तिसरा प्रश्न. जोडीदार विश्वासात नसेल तर घरातून जाणाऱ्या प्रत्येक रकमेला त्याची किंवा तिची संमती हवी. दागिने, ठेवी, मुलांच्या फीचे पैसे यांना तर हात लावायचाच नाही. दान फक्त स्वतःच्या हातखर्चातून. चहा, सिगारेट, मोबाइलचं मोठं पॅक यांतून महिन्याला ५००-६०० सहज निघतात, आणि ते घरच्यांना दिसतात. आईवडिलांचा औषधपाणी-खर्च कमी करून मंडळीला देणं हा मार्क ७:९-१३ मधला 'कुर्बान' (देवाला वाहिलेलं) आहे. येशूने त्याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलंय. हे वचन वर्गात मोठ्याने वाचून घ्या.

---

वसईचा वाटसरू

जय ख्रिस्त. कॅथलिक बाजूने दोन गोष्टींची भर.

परतफेडीबद्दल आमच्या धर्मशिक्षणग्रंथात (कॅटेकिझम) स्पष्ट कलमं आहेत. २४१२ क्रमांकाचं कलम चोरलेलं मूळ मालकाला परत करण्याबद्दल आहे आणि त्यात जक्कयाचंच उदाहरण दिलंय. १४५९ सांगतं की पापनिवेदनात क्षमा मिळाली तरी पापाने केलेली मोडतोड आपोआप सांधली जात नाही. चोरलेलं परत करायला हवं आणि कुणाची बदनामी केली असेल तर ती पुसायला हवी. हा दुसरा भाग लोक सोडून देतात. दहा जणांत खोटं पसरवलं असेल तर एकट्यात माफी मागून भागत नाही. त्याच दहा जणांना 'मी सांगितलं ते खरं नव्हतं' असं सांगावं लागतं. पैशापेक्षा हे जड जातं, म्हणून धड्यात यायलाच हवं. मालक हयात नसेल तर वारसांना, वारस सापडत नसतील तर गरिबांना.

चौथा प्रश्न. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळले, तिथून त्यांचं जीवन फिरलं. पुढच्या वर्षी मान्रेसाला त्यांनी जी आत्मपरीक्षणाची पद्धत बसवायला घेतली ती तुमच्या फळ्यावर अगदी मावेल. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या: दिवसाबद्दल उपकारस्तुती, प्रकाश मागणं, सकाळपासून तासातासाने आठवणं, चुकलं त्याबद्दल क्षमा, उद्यासाठी एक ठराव. नवखे लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट चुकांवर येतात. चार दिवसांत खचतात आणि सोडून देतात. उपकारस्तुतीला किमान तीन मिनिटं द्यायला सांगा.

त्याच पद्धतीत एकाच दोषाची वेगळी नोंद आहे. एक दोष निवडायचा, समजा मुलांवर ओरडणं. वहीत आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन ओळी: एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घडलं तितके ठिपके. मग सकाळची ओळ रात्रीच्या ओळीशी ताडायची, काल आजशी, हा आठवडा मागच्याशी. एका वेळी एकच. तीन दोष एकदम धरले की वही तीन दिवसांत बंद पडते.

राखेच्या बुधवारापासूनचा ईस्टरपूर्व प्रायश्चित्तकाळ ही सुरुवात करायला चांगली वेळ. उपवासात जेवण वाचलं तर त्याचे पैसे वेगळ्या डब्यात जायला हवेत. नाहीतर ती फक्त काटकसर होते.

---

जुनं पान

वरचं सगळं उपयोगी आहे. पण धड्यात एक गृहीतक शिरू देऊ नका: विश्वास खरा असेल तर बदल आपोआप आणि लगेच होतो.

'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा इंग्रज खलाशी जॉन न्यूटन १७४८ च्या मार्चमध्ये समुद्रातल्या वादळात देवाकडे वळला. १७५० ते १७५४ या काळात तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. म्हणजे वळल्यानंतर. जहाजावर रविवारी प्रार्थना घ्यायचा आणि खाली माणसं साखळदंडात असायची. १७५४ मध्ये तो थांबला तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये धर्मगुरू झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक लिहिलं ते १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी. शिवराळ बोलणं सुटलं, पण धंद्यावर त्याची नजर गेली नाही, कारण त्याच्या काळात तो धंदा प्रतिष्ठित होता आणि मंडळीत कुणी त्याला विचारत नव्हतं. जाग आल्यावर मात्र त्याने स्वतःच्या हातून झालेलं लपवलं नाही, साक्षीदार म्हणून उभा राहिला. ज्या वर्षी ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला, त्याच वर्षी, १८०७ मध्ये, तो वारला.

आपल्याकडेही पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी आला. १८८९ मध्ये विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईत सुरू झालं तेव्हा त्या या दोन टप्प्यांच्या मधे होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींना आणून केडगावला आसरा दिला तो त्यानंतर. काम एकाच दिशेने जातं, पण ते कुणासाठी आणि किती, हे वाढत गेलं.

तिसऱ्या प्रश्नाला रेव्हरंड टिळकांचं घर. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये घेतला, स्वतःच्या निर्णयाने. ती पाच वर्षं घरासाठी फार दुःखाची होती. ज्याला वाटतं की आपण विश्वासात आलो की सहा महिन्यांत घरही येईल, त्याला हा काळ सांगा. आणि मिशनच्या पगाराला टिळकांनी सोडचिठ्ठी दिली ती १९१७ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. मग साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत.

म्हणून 'देव, मग कुटुंब, मग काम' अशी शिडी फळ्यावर काढू नका. शास्त्रात ती नाही, आणि ती काढली की माणूस प्रार्थनासभेला गेल्याबद्दल स्वतःला गुण देतो आणि घरी आजारी पडलेल्या आईला दुसऱ्या पायरीवर बसवतो. मत्तय ६:३३ मधलं 'आधी' हे इतर सगळ्या गोष्टींच्या आत शिरणारं आहे.

---

वर्गशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. १२० आणि ४०० नक्की फळ्यावर जाणार, आणि दोन कागदही.

एक अडचण राहते. ज्याने अन्यायाने घेतलंय पण आता फेडायला काहीच नाही, त्याला काय सांगायचं? जक्कय श्रीमंत होता. आणि बाप्तिस्म्यानंतर वर्ग संपतो, मग हे कागद कोण पाहणार?

---

उंबराखाली

पहिल्याला फिलेमोनाचं पत्र, १८-१९. अनेसिम फिलेमोनाचा पळालेला दास, हातात काही नाही. पौल लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. आणि हे स्वहस्ते लिहितो. तेव्हाच्या व्यवहारात ते हमीपत्रच होतं. मंडळीत दोन-तीन जुने कुटुंबप्रमुख अशी हमी घ्यायला तयार आहेत का, हे सहाव्या रविवारच्या आधी पाळकांशी बोलून ठेवा. रक्कम लहान ठरवा, परतीचा हप्ता लिहून घ्या, व्याज नको. जो काही देऊ शकत नाही त्याच्यासाठी इफिस ४:२८ आहे: चोरी करणाऱ्याने आता हातांनी काम करावं, गरजवंताला द्यायला आपल्याकडे काही असावं म्हणून. मग महिन्याला ५० रुपये फेडले तरी चालतील, पण तारीख ठरलेली हवी.

---

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाला मेथडिस्टांची, म्हणजे जॉन वेस्लीच्या प्रोटेस्टंट पंथाची, जुनी रीत. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. लोकांचे बारा-बारांचे गट केले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे गोळा करताना गटप्रमुखांना कळू लागलं की कोणाच्या घरात काय चाललंय. वेस्लीने तिथूनच दर आठवड्याच्या गटभेटीची पद्धत बसवली. कर्ज फेडायला काढलेली युक्ती माणसं सांभाळायची व्यवस्था झाली.

तुमचे लोक बारापेक्षा कमी असतील तर एक गट पुरेल. नऊ महिने, पंधरवड्यातून एकदा, पाऊण तास. तीनच प्रश्न: फेडायचं ठरलं होतं ते फेडलं का, कुणाशी बोलणं बंद आहे का, वहीतले ठिपके कमी झाले का. बाया आणि पुरुष वेगळे बसले तर जास्त बोलतात. गटातलं बाहेर गेलं तर गट तिथेच मोडतो, हे पहिल्या दिवशी सांगा.

वेस्लीने आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशेब दिलाय, तोही गटात वाचा. बहुतेक तो त्याचा स्वतःचाच असावा असं मानतात. पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले, २८ वर राहिला, २ दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, २८ वरच राहिला, ३२ दिले. मग ९०, दिले ६२. मग १२०, दिले ९२. पगारवाढीच्या महिन्यात हे वाचलं तर उत्तम.

आणि ते दोन कागद तुम्ही गोळा करू नका, पाळकांनीही नको. ते ज्याचे त्याने घरी कपाटात ठेवायचे. फेडलेल्या ओळीवर तारीख घालून काट मारायची. शेवटची ओळ काटली की दुसरा कागद फाडायचा. पहिला मात्र जपून ठेवायचा, पावत्यांसकट. वारसांना लागतो.